मराठवाड्यातून क्रूझला जाणाऱ्यांसाठी: एजंट जे सांगत नाही ते इथं लिहा

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. आपल्याकडून हल्ली क्रूझला बरेच जण जायलेत. कुणी मुंबईहून गोवा-लक्षद्वीप, कुणी सिंगापूरहून पेनांग-फुकेत. जालना, परभणी, लातूरच्या एजंटांकडं जेवण, शो आणि स्विमिंग पूल यांचे फोटो भरपूर असतात. पण इस्त्री नेता येते का, इन्सुलिन कुठं ठेवायचं, कार्डातून पैसे का अडकतात असलं काही विचारलं की "सगळं होतंय, काळजी करू नका" एवढंच ऐकायला मिळतं. माहीतगारांनी नेमकं लिहावं. प्रवासवर्णनाला वेगळा धागा आहे.

गोदीगेट
आधी कागदं बघू, कारण माणसं परत पाठवली जातात ती इथूनच.

देशातल्या देशातली क्रूझ असेल तर सरकारी फोटो ओळखपत्र मूळ लागतं, झेरॉक्स नाही. तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी अक्षराला अक्षर जुळलं पाहिजे. आपल्याकडं घोळ ठरलेला: आधारवर वडिलांचं नाव मधे असतं, तिकिटावर नसतं, बायकांचं एका कागदावर माहेरचं आडनाव, दुसऱ्यावर सासरचं. हे बुकिंगच्या दिवशीच तपासा. नंतर दुरुस्तीला बऱ्याच कंपन्या पैसे लावतात, आणि निघायच्या तोंडावर तर करतच नाहीत.

परदेशी बंदर असेल तर परतीच्या तारखेनंतर सहा महिने तरी पासपोर्ट चालू हवा. नवीन काढायचा तर संभाजीनगरला पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र आहे. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळला वर २,०००. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाला जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो. त्याच्यावर नाव चढवलेलं नसेल तर आधी नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत जाऊन ते काम उरका.

सिंगापूरहून क्रूझ म्हणजे सिंगापुरात दोनदा प्रवेश: विमानानं येताना एकदा आणि जहाजावरून उतरताना दुसऱ्यांदा. व्हिसा मल्टिपल एन्ट्रीचा आहे का ते छापील कागदावर स्वतः वाचा. एसजी अरायव्हल कार्ड, म्हणजे सिंगापूरला येण्याआधी भरायचा ऑनलाइन फॉर्म, दोन्ही प्रवेशांसाठी भरावं लागतं, येण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत. ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली की बंद करा. थायलंडनं १ मे २०२५ पासून असंच डिजिटल कार्ड सुरू केलंय. मलेशिया आणि थायलंडचे व्हिसाचे नियम वरचेवर बदलतात, म्हणून बुकिंग करताना एकदा आणि निघायच्या पंधरा दिवस आधी परत एकदा त्या देशाच्या सरकारी साइटवर बघा.

तेरणा_०७
दुबईहून जाणाऱ्यांसाठी यात एक भर. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, नुसतं "सुभद्राबाई" एवढंच असेल, तर युएईच्या व्हिसाला अडचण येते. जुन्या बायामाणसांच्या पासपोर्टवर हे हमखास सापडतं. पैसे भरण्याआधी बघून घ्या.

युरोपातही तोच दोनदा प्रवेशाचा मुद्दा. इटलीहून निघून तुर्कस्तान किंवा मॉन्टेनेग्रो करून परत ग्रीसला आलात की शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर चालणारे युरोपातले देश) दुसरा प्रवेश झाला. क्रोएशिया मात्र १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्येच आहे.

बालाघाटी
मुंबईचं जहाज दुपारनंतर सुटतंय ना? मग देवगिरी किंवा लातूर एक्सप्रेस सकाळी मुंबईत टाकते, सीएसएमटीपासून बॅलार्ड पियरचा क्रूझ धक्का दोन किलोमीटरच्या आत. आदल्या दिवशी जाऊन हॉटेलचा खर्च कशाला?

गोदीगेट
@बालाघाटी, गणित बरोबर आहे, पण त्यात चूक निघाली तर भरपाई नाही. मनमाडपर्यंतचे एकेरी रूळ, क्रॉसिंग, कसारा घाट, सकाळी लोकलच्या गर्दीत अडकणं, यातलं काहीही दोन-चार तास खाऊ शकतं. सुटण्याच्या साधारण ६० ते ९० मिनिटं आधी चेक-इन बंद होतं, कारण प्रवाशांची अंतिम यादी बंदर आणि इमिग्रेशनकडं द्यायची असते. यादी गेली की जहाज समोर धक्क्याला उभं असलं तरी आत घेत नाहीत. पैसेही परत नाहीत. रात्रीच्याच गाडीनं जायचं तर एक दिवस आधीची रात्र धरा. बीडवाल्यांनी ट्रॅव्हल्सवर एवढा भरवसा ठेवू नये, सणासुदीला पनवेलपासून पुढं किती वेळ लागेल ते कुणी सांगू शकत नाही.

वेब चेक-इन उघडल्या उघडल्या करा. त्यातच पोचायची वेळ मिळते. लवकरची मिळाली तर दुपारचं जेवण जहाजावर, ते तिकिटातच धरलेलं असतं.

हुरडा_पार्टी
केबिनचं सांगा की कुणीतरी. बाल्कनी घ्यावी का? पुढच्या टोकाची केबिन घेतली तर समुद्र छान दिसत असेल ना?

मांजरा
पुढचं टोक अजिबात नको, निदान पहिल्या खेपेला. जहाज दोन तऱ्हेनं हलतं. आडवं, म्हणजे डावी-उजवीकडं डोलतं, आणि उभं, म्हणजे नाक वर जातं तेव्हा शेपूट खाली येतं. आडव्या डोलण्याला जहाजाच्या दोन्ही बाजूंचे पंख, म्हणजे स्टॅबिलायझर, बऱ्यापैकी आवरतात. उभ्या हलण्याला त्यांचा उपयोग नाही. बागेतल्या सी-सॉवर टोकाचं पोर सगळ्यात जास्त वर-खाली होतं आणि मधल्या दांड्याजवळ काहीच हलत नाही, तसंच हे. म्हणून लांबीच्या मधोमध आणि जमेल तितक्या खालच्या डेकवर (मजल्यावर) घ्या. खालचा डेक स्वस्तही पडतो.

पण मधोमध म्हणून डोळे झाकून घेऊ नका. कंपनीच्या साइटवर डेक प्लॅन असतो, त्यात तुमच्या केबिनच्या बरोबर वर आणि बरोबर खाली काय आहे ते बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या ओढायचे आवाज, वर स्वयंपाकघर असेल तर ट्रॉल्या, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर मध्यरात्रीपर्यंत धडधड. वर-खाली दोन्हीकडं केबिनच असलेला डेक सगळ्यात शांत. दोन केबिनच्या मधे दार असलेली जोडकेबिन घरच्या मंडळींना सोयीची, परक्यांना त्रासाची, कारण त्या दारातून सगळं बोलणं ऐकू येतं.

"गॅरंटी केबिन" म्हणून स्वस्तात मिळते तिचा अर्थ प्रकार तुम्ही ठरवायचा, जागा कंपनी ठरवणार. उलटीचा त्रास असणाऱ्यानं किंवा एकमेकांजवळ राहायचं असणाऱ्या कुटुंबानं ती घेऊ नये. तिसरा-चौथा माणूस स्वस्तात जातो खरा, पण त्याचा पलंग बहुतेकदा छतातून खाली येणारा असतो आणि वर शिडीनं चढावं लागतं. आजी-आजोबांना तिथं टाकू नका. एकट्या माणसाला मात्र बऱ्याचदा दोघांचं भाडं पडतं, कारण दरच दोघांच्या हिशेबानं लावलेला असतो.

बाल्कनीचं म्हणाल तर दोन-तीन रात्रींच्या सफरीला ते पैसे वाया. रात्रभर दार लावून झोपता आणि दिवसभर वर असता.

हुरडा_पार्टी
आणि उलट्यांचं? आमच्याकडं घाटात एसटीतसुद्धा पिशवी हातात धरून बसणारी मंडळी आहेत.

औषधपेटी
गोळी उलटी सुरू झाल्यावर घेऊन फारसा फायदा नाही, पोटातच टिकत नाही. आधी घ्यायची. अव्होमिन (प्रोमेथाझिन) २५ मिग्रॅ लांबच्या प्रवासाला आदल्या रात्री झोपताना, किंवा मग निघायच्या तास-दोन तास आधी. स्टुजेरॉन (सिनॅरिझिन) ही दुसरी, पण ती २५ आणि ७५ मिग्रॅ अशा दोन ताकदींत मिळते. दुकानदारानं ७५ ची पट्टी दिली तर परत करा.

दोन्हींनी झोप येते. ज्यांना काचबिंदू आहे, प्रोस्टेट वाढल्यामुळं लघवी अडकते, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय अव्होमिन घेऊ नये. पार्किन्सनच्या रुग्णाला सिनॅरिझिन देऊ नये, कंप वाढतो. दारूबरोबर दोन्ही नकोत. म्हातारी माणसं गोळी घेऊन पेंगत जिना उतरताना पडतात, त्यामुळं पहिला डोस घरीच एखाद्या दिवशी घेऊन किती गुंगी येते ते बघून ठेवलेलं बरं.

बाकी उपाय साधेच. उपाशी राहू नका, कोरडी बिस्किटं खा, आलेपाक ठेवा. मळमळ सुरू झाली की केबिनमधे पडून मोबाइल बघत बसायचं नाही, मधल्या उघड्या डेकवर येऊन क्षितिजाकडं बघायचं. डोळ्याला स्थिर दिसतंय आणि कानातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला हलल्यासारखं वाटतंय, या भांडणातून मळमळ येते. क्षितिज बघितलं की दोघांचं एकमत होतं.

अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो, म्हणून मुंबईच्या सफरी मुख्यतः पावसाळ्यानंतरच्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी त्यातल्या त्यात शांत.

पैठणी
@औषधपेटी, वडिलांचं इन्सुलिन केबिनच्या फ्रिजमधे चालेल का?

औषधपेटी
ताई, त्याच्यावर विसंबू नका. केबिनमधला फ्रिज बहुतेक नुसता पेयं गार ठेवणारा असतो, २ ते ८ अंश टिकवेलच असं नाही. काही जहाजांत केबिनचं कार्ड खाचेतून काढलं की त्याची वीजही जाते. बुकिंग करतानाच "वैद्यकीय फ्रिज हवा" असं लेखी कळवा, नाहीतर न उघडलेली पेनं जहाजाच्या दवाखान्यात ठेवायला द्या. वापरात असलेलं पेन बहुतेक प्रकारांत ३० अंशांखाली महिनाभर बाहेर चालतं, तुमच्या पेनच्या खोक्यावर दिवस लिहिलेले असतात. वापरलेल्या सुया कचऱ्याच्या डब्यात टाकायच्या नाहीत, केबिन साफ करणाऱ्याकडं सुयांचा डबा मागा.

सगळी औषधं हातातल्या पिशवीत. चेक-इनला दिलेली मोठी बॅग केबिनपर्यंत यायला चार-पाच तास लागू शकतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव डॉक्टरांकडून लिहून घ्या, परदेशी डॉक्टरला आपल्याकडच्या ब्रँडवरून काही कळत नाही.

गरोदरपणाचा नियम बहुतेक आंतरराष्ट्रीय कंपन्यांत एकच आहे: सफरीत कुठल्याही दिवशी २४ वा आठवडा लागत असेल तर घेत नाहीत. निघायच्या दिवसावर हिशेब करू नका, परतीच्या दिवसावर करा. बाळ साधारणपणे सहा महिन्यांचं हवं, लांब समुद्र ओलांडणाऱ्या सफरींना वर्षाचं.

अजून एक, हात साबणानं धुवा. जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरते ती बहुतेक नोरोव्हायरसची, आणि तो सॅनिटायझरनं नीट मरत नाही. बफेचा सामायिक चमचा धरल्यावर, जेवायला बसायच्या आधी, वीस सेकंद.

वायरमन_नांदेड
सामानात काय चालत नाही ते मी सांगतो. इस्त्री, पाणी तापवायचा रॉड, केटल, इंडक्शन, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर, लायटर हे सगळं स्कॅनरला अडवतात. आग हीच जहाजाची सगळ्यात मोठी भीती. सकाळच्या पूजेला निरांजन लावायची सवय असलेल्यांनी बॅटरीवरचा दिवा न्यावा.

एक्स्टेन्शन बोर्ड का काढून घेतात म्हणून लोक भांडतात. कारण ऐका. घरी न्यूट्रल अर्थला जोडलेला असतो. जहाजावर बहुतेक ठिकाणी तसं नसतं, दोन्ही तारांवर जहाजाच्या लोखंडाच्या तुलनेत दाब असतो. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे अचानक वाढलेल्या दाबापासून वाचवणारी सोय, असलेल्या बोर्डात तार ते अर्थ असा एक भाग बसवलेला असतो. जहाजाच्या वायरिंगमधे कुठं दोष आला की तो भाग सतत तापत राहतो आणि पेट घेतो. म्हणून "सर्ज" लिहिलेलं काहीही नको. साधा यूएसबीचा, तीन-चार तोंडांचा चार्जर बहुतेक चालतो.

परदेशी जहाजावर सॉकेट दोन जातीचे: अमेरिकन चपट्या पिनांचा ११० व्होल्टचा आणि युरोपियन दोन गोल पिनांचा २२० चा. आपली जाड तीन पिनांची टॉप कशातच बसत नाही, अडॅप्टर न्या. सीपॅप मशीन (झोपेत श्वास नीट चालावा म्हणून लावतात ते) असेल तर तिच्यावर १००-२४० व्होल्ट लिहिलंय का बघा.

केबिनच्या भिंती पत्र्याच्या असतात, चुंबक चिकटतं. चार-सहा चुंबकाचे हुक नेले की टॉवेल, टोप्या, पर्स अडकवायची सोय झाली. सव्वाशे-दीडशे चौरस फुटात चार माणसं म्हटल्यावर भिंतीच कामाला येतात.

मांजरा
+१ हुकांना.

संडासाचंही लिहितो, कारण विचारायला सगळे लाजतात. परदेशी जहाजावर जेट-स्प्रे बहुतेक नसतोच. घडी होणारा मग किंवा दाबायची बाटली न्या. फ्लश व्हॅक्यूमचा असतो आणि नळ्या बारीक, त्यात टिश्यूशिवाय काहीही टाकायचं नाही. पॅड, ओले रुमाल, चहाची पूड यातल्या कशानंही एक केबिन तुंबली तर त्या रांगेतल्या बऱ्याच केबिनचे फ्लश बंद पडतात.

पैठणी
आमच्याकडं शाकाहारी मंडळी आहेत, दोघं जैन. शिवाय धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेल्याशिवाय सासूबाई गाडीत बसत नाहीत.

पंगत
गाडीत नेऊ द्या, पण ते मुंबईतच संपवा. घरी शिजवलेलं जहाजावर बहुतेक कंपन्या घेऊ देत नाहीत. कारखान्यातून सीलबंद आलेला खाकरा, चिवडा, चटणीचं पाकीट चालून जातं. पुडक्यावर घटक छापलेले असले की वाद होत नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला तर बंदरावर उतरताना फळ, बी-बियाणं, दुधाचं काहीही जवळ ठेवू नका, दंड मोठा असतो. जहाजाच्या बफेतून उचललेलं केळंसुद्धा.

मुंबईहून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची अडचण नाही. परदेशी कंपनीचं असेल तर बुकिंगमधल्या आहाराच्या रकान्यात भरा आणि ४५ दिवस आधी एजंटकडून लेखी पक्कं करून घ्या. "व्हेज" म्हटलं की तिकडं अंडं आणि मासळीचा रस्सा आलाच, म्हणून काय खात नाही तेच नावानिशी लिहा: मांस, मासे, अंडी, कांदा, लसूण, बटाटा. पहिल्या संध्याकाळी डायनिंग हॉलच्या मुख्य माणसाला भेटा. तो उद्याच्या रात्रीचं आजच विचारून ठेवतो, हीच खरी युक्ती. टेबलावर बसल्यावर जैन मागितलं तर उकडलेल्या भाज्या पुढ्यात येतात.

हिशेबनीस
पैशांचं. जहाजावर रोख चालत नाही, केबिनचं कार्ड दाखवायचं आणि खात्यावर चढत जातं. त्यासाठी सुरुवातीला तुमचं बँकेचं कार्ड जोडतात आणि काही रक्कम अडवून ठेवतात. क्रेडिट कार्ड असेल तर ही रक्कम नुसती मर्यादेतून कमी दिसते. डेबिट किंवा फॉरेक्स (आधीच परदेशी चलन भरलेलं) कार्ड दिलं तर तुमचे खरे पैसे अडकतात, आणि सफर संपल्यावर मोकळे व्हायला कित्येक दिवस जातात. म्हणून क्रेडिट कार्डच द्या. निघायच्या आधी बँकेच्या ॲपमधून त्याचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. समुद्रात ओटीपी येणार नाही, हे लक्षात ठेवा.

परदेशी मोठ्या कंपन्यांत टीप रोजची आणि माणशी असते, साधारण १६ ते २० डॉलर, लहान मुलांनाही. चौघांच्या पाच रात्री म्हणजे ३२० ते ४०० डॉलर झाले. एजंटच्या किमतीत हे धरलंय का, बंदर शुल्क धरलंय का, हे दोन प्रश्न व्हॉट्सॲपवर विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. पेयं आणि स्पा यांच्या बिलावर टीप वेगळी लागते.

परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ प्राप्तिकर, कापतो तो बुडत नाही. प्राप्तिकराच्या साइटवरच्या तुमच्या कर-नोंदीत (२६एएस) दिसतो, रिटर्न भरताना वळता होतो किंवा परत मिळतो. पैसे ज्याच्या पॅनवर कापले त्यालाच तो मिळणार, म्हणून रिटर्न न भरणाऱ्या आजोबांच्या नावानं सगळं बुकिंग करू नका.

दुधनाकाठ
मोबाइलचं काय? लक्षद्वीपच्या वाटेवर रेंज असते का?

तेरणा_०७
दादा, किनारा सोडल्यावर तास-दोन तासांत रेंज जाते. त्यानंतर फोनमधे जी रेंज दिसते ती जहाजाची स्वतःची, उपग्रहावरची. ती साध्या रोमिंग पॅकमधे बसेलच असं नाही, आणि नुसता व्हॉट्सॲप मागं चालू राहिला तरी बिल फुगतं. जहाज सुटायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, मग हवं तर वाय-फाय चालू करा. घरच्यांना सांगून ठेवा की दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका.

फोनची आपोआप वेळ बदलायची सोय बंद करा. सिंगापूरहून निघालेलं जहाज फुकेतला गेलं तर थायलंडची वेळ सिंगापूरपेक्षा तासभर मागं, पण जहाजाचं घड्याळ बऱ्याचदा सिंगापूरचंच राहतं. परतायची वेळ ५ दिलेली असेल तर फुकेतच्या घड्याळात तेव्हा ४ वाजलेले असतात. फोनवर विसंबून फिरणाऱ्याचं जहाज इथंच सुटतं. साधं मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून ठेवा.

गोदीगेट
सुटलं तर पुढचं बंदर तुमच्या खर्चानं गाठायचं. जहाजाच्या कंपनीकडून घेतलेली सहल उशिरा आली तर जहाज थांबतं किंवा ते पुढची व्यवस्था करतात. बाहेरची टॅक्सी असेल तर नाही. त्यामुळं बंदर बघून ठरवा. पेनांगचा धक्का जॉर्जटाउन गावातच आहे, तिथं पायी फिरा, सहल घ्यायची गरजच नाही. पोर्ट क्लांगपासून क्वालालंपूर तासा-दीड तासावर आणि वाटेत वाहतूक, तिथं जहाजाचीच सहल बरी.

फुकेतला आणि लक्षद्वीपला मोठं जहाज बहुतेकदा धक्क्याला लागत नाही. लांब नांगर टाकतं आणि लहान होडीतून उतरावं लागतं. होडी वर-खाली होत असताना पाय टाकायचा असतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी, व्हीलचेअरवाल्यांनी ते बंदर सोडून द्यायची तयारी ठेवावी. लाटा जास्त असल्या तर कप्तान ते बंदरच रद्द करतो. तेव्हा फक्त त्या बंदराचं शुल्क परत मिळतं, भाडं नाही.

लक्षद्वीपला दारूबंदी आहे, जहाजावरची बाटली होडीत नेऊ नका. आणि किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडासुद्धा उचलू नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं प्रवाळाला संरक्षण आहे.

बालाघाटी
तो सुरुवातीचा भोंग्याचा कार्यक्रम टाळता येतो का? तासभर उभं करतात म्हणे.

गोदीगेट
नाही अण्णा. २०१२ ला कोस्टा कॉन्कॉर्डिया नावाचं क्रूझ जहाज बुडालं, त्याच्या नंतर नियमच बदलला. पूर्वी निघाल्यापासून २४ तासांत केली तरी चालायची ती संकटात जमायची कवायत आता सुटायच्या आधी किंवा सुटल्या सुटल्या झालीच पाहिजे. सात आखूड आणि एक लांब भोंगा म्हणजे जमायचा इशारा. जमायची जागा केबिनच्या कार्डावर आणि दाराच्या मागं लिहिलेली असते. हल्ली बऱ्याच जहाजांवर ॲपमधे व्हिडिओ बघायचा आणि त्या जागी जाऊन कार्ड टेकवायचं, दहा मिनिटांत मोकळे. केबिन ते ती जागा हा रस्ता जिन्यानं एकदा चालून बघा, आगीत लिफ्ट बंद असतात. लहान मुलांचं लाइफ जॅकेट केबिनमधे नसेल तर त्याच दिवशी मागून घ्या.

पैठणी
विमा घ्यायचा का वेगळा?

हिशेबनीस
परदेशी क्रूझला घ्याच. जहाजाचा दवाखाना खासगी असतो, बिल तुमच्या खात्यावर चढतं आणि इथला घरगुती आरोग्यविमा ते सहसा देत नाही. पॉलिसीत तीन गोष्टी शोधा: क्रूझचा उल्लेख, जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च, आणि आधीपासूनचे आजार. साखर-बीपी लपवून स्वस्त पॉलिसी घेतली तर दावा तिथंच अडतो.

दुधनाकाठ
शेवटचं, उतरायच्या दिवशी परतीची गाडी कोणती धरावी?

गोदीगेट
आदल्या रात्री, बहुतेक ११ च्या आत, मोठ्या बॅगा रंगीत पट्टी लावून केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे, चपला, औषधं, चार्जर आधी बाजूला काढा. नाईट ड्रेसवर उतरणारी माणसं दर सफरीत असतात. पट्टीच्या रंगानुसार बोलावतात. स्वतः सगळं उचलून न्यायची तयारी असेल तर आधी सोडतात. खात्याचा हिशेब रात्रीच तपासा, चूक असेल तर सकाळी काउंटरला लांब रांग असते.

मुंबईत सकाळी धक्क्याला लागलं तरी सगळं उरकून बाहेर पडायला तीन-चार तास धरा. तपोवन पहाटेची, ती मिळतच नाही. जनशताब्दी आणि वंदे भारत दुपारच्या, जहाज वेळेवर आलं तर जमतील, नाहीतर तिकीट जाईल. म्हातारी माणसं आणि सामान असेल तर देवगिरी किंवा लातूर एक्सप्रेस, रात्रीच्या. दिवसभर सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममधे ठेवता येतं, पण बॅगेला कुलूप लागतं. ते घरूनच न्या.